मुक्काम पाल

मागच्या खेपेला भुसावळात उतरलो होतो.
स्टेशनसमोर, तिसरा मजला, लिफ्ट,
गरम पाणी सहा ते नऊ.
काउंटरवरच्या पोरानं किल्ली देताना विचारलं,
"पालला चाललात? मग इथं का राहता?"
मला वाटलं, नवखा दिसतोय,
मालकाचं गिऱ्हाईक घालवतोय.

सकाळी पोहे, मग चहा, मग ड्रायव्हरचा चहा,
सावद्याला केळीच्या ट्रकांमागे अर्धा तास,
आणि नाक्यावर पोचलो तेव्हा
जंगल दुकान आवरून बसलं होतं.
साडेनवाचं ऊन. धुळीत पहाटेचे ठसे,
त्यांवरून कुणाच्या तरी जीपचे टायर.
गार्ड म्हणाला, "आत्ताच गेलं भेकर."
ते "आत्ताच" घेऊन मी
बावन्न किलोमीटर परत गेलो.

यंदा रुबाब तडवींच्या घरामागची खोली.
भाडं साडेतीनशे, कळण्याची भाकरी धरून.
बल्ब एक, तोही वीज असली तर.
संडास अंगण ओलांडून.
जुलेखाबाईंनी हातात बॅटरी दिली, काठी दिली,
म्हणाल्या, "खाकरत जा.
आपण येतोय ते त्याला कळाया पाहिजे."
कोणाला, मी विचारलं.
त्या पीठ मळत राहिल्या.

अकराला रातवा लागला,
दगड टप्पे खात घरंगळावा तसा.
सुकीच्या पात्राकडून भेकर भुंकलं. पुन्हा भुंकलं.
मग गावातली कुत्री गप्प झाली.
कुत्री अशी एकदम गप्प होतात
ते का, हे कुठल्याच लॉजात कळत नाही.
भिंतीपलीकडे पाचोळा वाजला एकदा,
मग नाही,
मग एकदा.
मी कडी तपासली. परत तपासली.
पैसे मोजून इतका जवळ आलो होतो
आणि आता दोन बोटं जाडीची फळी
मला कमी वाटत होती.

पहाटे सारवलेल्या अंगणात, कडेला, एकच ठसा.
रुबाबचाचांनी त्यावर टोपली पालथी घातली होती,
कोंबड्यांनी मोडू नये म्हणून.
"बघा निवांत," म्हणाले, "हे भाड्यातच."

चहाला जुलेखाबाई टेकल्या.
भुसावळात कधी उतरता का?
धाकटा असतो तिथं, स्टेशनसमोर, रातपाळीला.
जंगल बघायला जाणारे पाहुणे असले
की त्यांना चारला उठवतो म्हणे.
त्याला स्वतःला तिकडं झोप नाही.
"रातचं काही ऐकूच येत नाही," त्या म्हणाल्या,
"पोराला करमत नाही."

मी बशीत बघत राहिलो.
चारला माझंही दार वाजलं होतं.
हो म्हणून मी कूस बदलली होती.

निघताना त्यांनी फडक्यात भाकरी बांधून दिल्या,
वर ठेच्याची पुडी.
यावेळी तिसऱ्या मजल्यावर जायचं नाही.
काउंटरपर्यंतच.