तेलजुव्याची घरपट्टी

साळ नदी समुद्राला मिळते तिथून, बेतूलच्या बाहेर,
ओहोटीत पाऊण तास वल्हं मारायचं.
होडीवाला दुमिंग म्हणाला, सायब, थंय कोण ना.
मी म्हटलं, ना हेच लिहायला चाललोय.

कचेरीच्या वहीत अजून एकोणीस घरं आहेत.
अकरा खारव्यांची, आठ गाबितांची,
आणि खाली एक बिननंबरी ओळ,
जुन्या पोर्तुगीज कारकुनाच्या तिरक्या अक्षरात:
तेल उकळायची जागा.

मोरी यायची थंडीत.
मांस खारवून काणकोणच्या बाजारात जायचं,
काळीज इथे राहायचं.
मोठ्या मोरीचं काळीज दोघांनी उचलायचं,
आणि काहिलीत सोडताना कुणी बोलायचं नाही,
बोललं की तेल नासतं म्हणत.
मोबोरपासून कारवारपर्यंत
प्रत्येक होडीच्या फळीत या बेटाचं तेल होतं.
पोरी लग्न होऊन किनाऱ्यावर गेल्या
की सासू पहिल्या रात्री केस हुंगायची.

मग मडगावच्या दुकानात डब्यातला रंग आला.
मग ट्रॉलर आले, रात्रीचे,
समुद्रावर गाव वसल्यासारखे दिवे लावून.
मोरी कमी झाली, मग लहान झाली,
मग एका हिवाळ्यात काहील घासून पालथी घातली ती घातलीच.
पोरं तारवटी झाली. बसरा, बाहरीन.
पैसे यायचे. घरांना कौलांऐवजी पत्रे आले,
उन्हात तापून करकरणारे.

एवढ्याने गाव उठत नाही.

विहीर एकच होती.
तिचं पाणी दोन्ही देवांना चालायचं.
एका मे महिन्यात पिदाद पेजेत मीठ घालायला विसरली
आणि पेज खारट लागली.
तिने कुणाला सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी मुद्दामच घातलं नाही.
पंधरवड्याने कळलं,
एकोणीसही घरांत बायका मीठ न घालता रांधत होत्या
आणि एकमेकींकडे उसनं मीठ मागायला जात होत्या,
आपल्याकडचं संपलंय असं दाखवत.

सां पेद्रला ताडपत्रीत गुंडाळून नेलं.
त्याच्या चाव्या वाटेत पाण्यात पडल्या,
दुमिंगचा बाप तीन वेळा बुडी मारून आला, सापडल्या नाहीत.
राखणदार मात्र हलेना.
सावळो गाबिताने तीनदा कौल लावला,
पाकळी दगडाला चिकटून राहिली, उजवी नाही की डावी नाही.
शेवटी त्याने एक विडी पेटवून समोर ठेवली
आणि पाठ न दाखवता
उलट्या पावलांनी होडीपर्यंत गेला.
चिखल होता. दोनदा पडला.

आता मी बघतो ते असं:
चौकटी लोकांनी उपटून नेल्या,
त्यामुळे घरांना दार नाही, नुसती वाट आहे.
काहिलीखाली एक खेकडा राहतो,
मी वाकलो तर बाहेर येऊन त्याने नांगी उगारली,
घरमालकासारखी.
तेलाचा वास अजून येतो.
दुमिंग म्हणतो, येत नाही, तुमका भास जाता.
पण तो नाकाला फडकं धरून होता.

वहीत रकाना आहे: सोडल्याचे कारण.
रुंदी एक बोट.
मी लिहिलं, पाणी.
मग वाटलं, साहेब म्हणतील पूर आला होता काय.
खोडलं नाही.

अठरा घरांवर रेघ मारली.
सातव्या नंबरावर पेन थांबलं.
दुमिंग हाका मारत होता, भरती लागली, चला.

सात नंबर पिदादचं.
ती आता बेतूलला भाचीकडे असते, ओटीवर जाळी विणते.
दर एप्रिलात बसने कचेरीत येते,
रुमालाच्या गाठीतून घरपट्टी काढते, मोजून देते.
पावती डोळ्यांजवळ धरते, वाचता येत नाही तरी,
आणि मला दर वर्षी विचारते,
बाबा, पाणीपट्टी तर नाही ना लावलीस?