ऐनाच्या खोडाला कान

येऊरच्या फाटकावर वहीत नाव लिहायचं, वेळ लिहायची.
सहा दहा.
गार्ड सापटा काहीतरी म्हणतो, मी मान डोलावतो.
डावा कान वागळे इस्टेटच्या प्रेस-शॉपने नेला,
उजव्यातलं वरचं वरचं नेलं,
खालचं ठेवलं.
डॉक्टरांनी आलेख दाखवला होता:
रेघ सरळ चालते, चालते, आणि मग
कड्यावरून पाय घसरल्यासारखी.

त्यामुळे माझ्या वाटेवर पक्षी मोजके.
भारद्वाज ऐकू येतो, रिकाम्या पिंपात तोंड घालून
कुणी घुमावं तसा.
तांबट येतो. टुक, टुक, टुक,
मिनिटाला शंभरावर, एक ठोका चुकत नाही;
असा हेल्पर मला चौतीस वर्षांत मिळाला नाही.
बाकीचे चोच उघडतात,
गळा थरथरतो, शेपूट हलते,
मध्ये काच.

होळीच्या सुमारास कोशिंबाला पालवी आली,
इतकी लाल, की मी फुलंच समजलो.
आठवड्यात तांबूस, मग पोपटी,
मग चारचौघांसारखा होऊन मिसळून गेला.
सावरीची बोंडं तडकली;
कापूस वाटेवर, कोळ्याच्या जाळ्यात,
माझ्या बुटांच्या नाडीत.

ओढा एप्रिलमध्ये तुटला.
उरली डबकी, सात. मी मोजतो, सवय आहे.
सात, मग पाच. परवा तीन.
मधल्यावर स्वर्गीय नर्तक आला होता,
पांढरी फीत पाण्याला शिववून वर, शिववून वर,
जशी कुणी उगाच वही करतंय ओली.
शेवटच्याच्या काठी चिखलात पंजा,
नखांशिवाय, वाटीएवढा.
गुरव वाकले, सरळ झाले,
आणि बहुतेक म्हणाले, चला.

वळणावर जमनी वरठा बसते,
पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन.
तिला माहीत आहे. ती बोलत नाही माझ्याशी.
वीस रुपये म्हणजे दोन बोटं.
वर बघ म्हणजे हनुवटी.

रविवारी नात आली बरोबर, शर्वाणी, नऊ वर्षांची.
निघायला उशीर झाला, उन्हं चढली होती.
पहिल्याच चढावर तिने दोन्ही कान झाकले.
माझ्या उजव्या कानाशी येऊन ओरडली,
आजोबा, केवढा आवाज!
कुठे?
सगळीकडे. तुमच्या पाठीमागे पण!

जमनीने ऐनाच्या सालीवरून
झिल्लीची एक रिकामी कात सोडवली,
माझ्या तळव्यावर ठेवली.
पाठ उभी चिरलेली. पाय अजून कशालातरी धरून.

म्हणजे तीन उन्हाळे मी
या एवढ्या गदारोळातून चालत होतो
आणि घरी जाऊन सांगत होतो,
वर किती शांत असतं.

बेअरिंग गेलंय का बघायला आम्ही
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचो,
मूठ कानामागच्या हाडाला.
शेजारी पन्नास मशीनं धडधडोत,
तेवढं एक बोलायचं.

काठी आडवी धरली.
लोखंडी टोक ऐनाच्या भेगेत, मगरीच्या पाठीसारख्या त्या सालीत,
मूठ कानामागे. डोळे मिटले.
शर्वाणी हसली असणार. जमनी नसणार.

आधी माझंच रक्त.
मग खालच्या रस्त्यावर एक ट्रक, गिअर बदलताना.
मग काहीतरी बारीक,
आवाज म्हणता येणार नाही,
ग्रीस संपत आलेलं काहीतरी
दाढांच्या मुळाशी फिरतंय असं.
की नुसताच माझा हट्ट?

आलं का? नातीने भुवया उडवून विचारलं.
मी हात वर केला, थांब.

खोडावरून काठीवर एक ओंबील आली,
तांबडी, पुढचे पाय उचललेली,
अंगठ्यापर्यंत चालत आली, डसली.
मी मूठ सोडली नाही.