हातचा

मानाग्वाच्या त्या शाळेत मी ओठ शिकवायचे.
'प'साठी मेणबत्ती: ज्योत हलली पाहिजे.
'म'साठी माझ्या नाकपुडीवर त्यांचं बोट.
चाळीस मुलं, एकालाही ऐकू येत नाही,
आणि वेळापत्रकात आठ ते दहा: उच्चार.

वर्षभरानं एलिएसेर एक शब्द म्हणाला: पान.
पान म्हणजे आमच्याकडे पाव.
मी मुख्याध्यापिकेला ओढत आणलं.
तो पुन्हा म्हणाला, मेणबत्तीकडे बघत.
ज्योत हलली. बाई खूश.
समोर पाव ठेवला तर त्यानं त्यावर फुंकर मारली.

वर्गात हात बाकावर, पालथे.
हा नियम मी फळ्यावर लिहिला होता,
वाचता न येणाऱ्यांसाठी.

मधल्या सुट्टीत गुलमोहराखाली हात सुटायचे.
प्रत्येकानं घरून आपली खूण आणलेली,
आईला कळेल एवढीच.
कुणाचं पाणी ओंजळीचं,
कुणाचं गळ्यावरून खाली ओढलेलं बोट.
एलिएसेरच्या घरी पाण्याला खूणच नव्हती,
तो उठून नळाकडे चालू लागायचा.
पावसाळा सरेतो बसमध्ये एकच पाणी उरलं.
कुणी ठरवलं, विचारलं,
तर प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बोट दाखवलं.
रजिस्टरात मी लिहिलं: माकडचेष्टा वाढल्या आहेत.

मग आली योर्लेनी,
चार वर्षांची, सुपारीएवढी.
मोठ्यांकडे होत्या सुट्या खुणा,
त्याच त्यांनी तिला दिल्या:
मुलगा. झाड. पडणं. रडणं.
तिनं मुलगा हवेत ठेवला, डाव्या खांद्याशी,
आणि पडणं तिथंच केलं, रडणंही तिथंच.
दुपारी बसमध्ये चढताना
त्या रिकाम्या जागेकडे नुसतं बोट केलं,
तिच्या वयाची सगळी हसली.
एलिएसेर वळून बघत राहिला, मागे कोण आहे म्हणून.

हे मी शिकवलं नव्हतं.
मोठ्यांनीही नाही,
त्यांच्यापाशी ते नव्हतंच द्यायला.

त्याच आठवड्यात फळ्यावर सात अधिक पाच.
दोन खाली, हातचा एक.
किती वर्षं हेच सांगत होते, बोटावर धरा, विसरू नका,
आणि त्या दिवशी खडू हातातच राहिला.
हा एक सातात नव्हता, पाचातही नव्हता.
एककाच्या घरात मावेना म्हणून
शेजारच्या घरी गेला,
आणि तिथं त्याला दहा म्हणतात.
एककाला हे कुठून कळावं?

आता योर्लेनी मला शिकवते, गुरुवारी, संध्याकाळी.
परवा मी तिला माझ्या आईबद्दल सांगत होते.
तिनं माझं मनगट धरलं, वीतभर उजवीकडे सरकवलं.
नाहीतर, म्हणाली, तुमची आई बस झाली असती.

एलिएसेर येतो कधीमधी. सुतारकाम करतो,
दोन बोटं रंध्यानं नेलेली.
त्याच्या खुणा अजून सुट्या:
पाऊस. छप्पर. मी. वर.
कोण कुठे, ते ज्याचं त्यानं समजायचं.
पोरं त्याच्यासमोर हळू बोलतात,
परगावच्या पाहुण्याशी बोलावं तशी.
त्याच्याच ओंजळीतून आलेलं पाणी
त्याच्यापेक्षा भरभर वाहतं.
त्याला वाईट वाटतं का, मी विचारलं.
माझं वाक्य चुकलं असावं.
त्यानं छपराचं पुन्हा सांगितलं.

तास संपतो. पोरं हातवारे करत जिना उतरतात,
अंधारातही, दिव्याखाली थांबत थांबत.
खोलीत आम्ही उरतो,
तो आणि मी,
दोन, खाली.