चहा किती उरला

माझं काम एवढंच: कपात चहा किती उरला,
कॉलरचं कुठलं बटण उघडं होतं,
सिगारेट कुठवर जळली.
एका शॉटमधून दुसऱ्यात जाताना
जगाला खोटं पडू द्यायचं नाही.

डंडीतल्या बंद पडलेल्या तागाच्या गिरणीत
आमचं पोलीस ठाणं उभं राहिलं.
बाहेर टे नदीवर समुद्राकडून आलेलं धुकं,
आत प्लायवुडची कोठडी,
फळ्यांना अजून तागाचा कुबट वास.

सेंगा पेट्री सल्लागार म्हणून आली.
सव्वीस वर्षांची नोकरी, सार्जंट म्हणून निवृत्त,
उजव्या गुडघ्याची वाटी स्टीलची.
आल्या आल्या तिनं भिंतीवरचा तो नकाशा उतरवला
ज्यावर कलादिग्दर्शकानं तीन रात्री जागून
लाल दोरे ताणले होते, फोटो टोचले होते.
म्हणाली, एवढा दोरा आम्हाला मंजूर कोण करणार?

मग तिनं मागवला एक बिघडलेला प्रिंटर,
फ्रिजवर एक चिठ्ठी, 'दूध कुणाचं ते बघून प्या',
आणि एक खुर्ची, जिच्यावर कुणी बसत नाही.
का बसत नाही? लेखकानं विचारलं, पेन उघडून.
ते ठाण्यात सगळ्यांना माहीत असतं, ती म्हणाली,
म्हणून कुणी सांगत नाही.

फर्गस लाम्ब दार लाथेनं तोडायला निघाला
तर म्हणाली, आधी मूठ फिरवून बघ.
दार उघडंच होतं.
आम्ही हसलो. ती नाही हसली.

चौथ्या भागात
एका आईला जाऊन सांगायचं होतं.
फर्गसचे डोळे पहिल्याच टेकला भरून आले, सुंदर भरून आले.
सेंगा मध्ये आली.
रडायचं नाही.
मग काय करायचं?
घड्याळ बघायचं. किती वाजता सांगितलं ते लिहावं लागतं.
आणि बघतोयस ते तिला दिसू द्यायचं नाही.
आणि 'गेला' म्हणू नकोस.
कुठे गेला, असं विचारतात.
खरंच विचारतात.
'मेला' म्हण.

दुसरा टेक.
मेला, म्हणाला फर्गस.
विल्मा गॉल्ड, आमची आई, सत्तरीची,
तिला तिथे कोसळायचं होतं. संहितेत तसंच होतं.
ती उठली. किटलीत पाणी भरलं. बटण दाबलं.
दिग्दर्शिका 'कट' म्हणणार, तोच
सेंगाचा हात वर झाला, रहदारी अडवतात तसा.
पाणी उकळायला दोन मिनिटं चाळीस सेकंद लागली.
कॅमेरा चालू. कुणी खोकलंसुद्धा नाही.

साखर? विल्मानं पाठमोरी राहूनच विचारलं.
दोन, म्हणाला फर्गस, स्वतःच्या मनानं.

माझ्या शेजारी सेंगा पुटपुटली,
कुणाला उद्देशून नाही:
मी नको म्हणाले होते.
नको म्हणायला नको होतं.

चॅनलला त्या किटलीचे अकरा सेकंद पुरेसे वाटत होते.
आम्ही भांडलो. त्रेचाळीस ठेवले.

प्रसारण झालं त्या रात्री
सेंगाला तिच्या जुन्या ठाण्यातून एकच फोन आला:
तुझ्या पोराच्या हातातला फॉर्म पिवळा होता, बाई,
आपला पांढरा असायचा.
आठवडाभर ती हे ज्याला त्याला सांगत सुटली,
पदक मिळाल्यासारखी.

एक चूक मात्र फक्त मला ठाऊक आहे.
फर्गसच्या मगमधला चहा
एका शॉटमध्ये काठोकाठ आहे,
पुढच्यात अर्धा, आणि मध्ये तो एक घोटही घेत नाही.
त्या दिवशीची माझी वही उघडली:
वेळ, लेन्स, बटण, बाही,
आणि चहाच्या रकान्यात काहीच नाही.
मी तेव्हा कपाकडे बघत नव्हते.