दोन दिवसांचं बिल

नाव विचारलं. सांगितलं, बिंदेसर महतो.
धंदा टेंट हाऊस, दलसिंगसराय रोड.
खरं सांगेन, खोटं सांगणार नाही म्हणालो
आणि हात खाली घेतला,
त्याला काथ्याच्या दोरीचा वास होता.

आरोपीच्या वकिलाकडे लग्नपत्रिका आहे.
लाल, वर सोनेरी गणपती,
तारीख छापलेली: एकवीस एप्रिल.
बिभा गेली दोन मेला.
सात वर्षं, वर अकरा दिवस.
सात वर्षांच्या आत सून जळाली
तर कायदा सासरच्यांना जाब विचारतो,
नंतर जळाली तर तिच्या बापाला म्हणतो, तूच शाबीत कर.
हे मला सरकारी वकिलानं बाहेर टपरीवर
बिडीच्या बंडलाचा कागद फाडून
त्यावर आकडे मांडून समजावलं.

आता माझं बिलबुक.
एकवीस एप्रिल: खुर्च्या दोनशे, हॅलोजन बारा, जनरेटर एक,
राजाराणीची खुर्ची, मखमल.
त्याखालीच, तेरा मे:
खुर्च्या साठ, हॅलोजन चार.
मखमल नाही.

हुजूर, एकवीसला वरात आलीच नाही.
पल्सर ठरली होती
आणि दारात हार घालून स्प्लेंडर उभी होती.
साडेनऊला मुलाचा मामेभाऊ आला, गाडी बघितली,
पाणीही न पिता परत गेला.
जोगेसर साहूनं गावात सांगितलं,
मुलाकडे कोणी वारलं, सुतक आहे.
कोण वारलं, ते कोणी विचारलं नाही.
बावीस दिवसांनी पल्सर आली, मग नवरा आला.
दुसऱ्यांदा पत्रिका कोण छापतो?

इतकी वर्षं त्यानं ते सुतक पाळलं.
आता तिसऱ्या बाकावर बसलाय, गमछा तोंडाशी धरून,
आणि मी भर कचेरीत ते उसवतोय.
हिशोब इतकाच आहे, हुजूर:
पल्सरसाठी अडलं नसतं
तर आज ही केस एवढीही उभी राहिली नसती.

उलटतपासणी.
बिलावर मुलीचं नाव आहे? नाही.
काय लिहिलंय? जोगेसरबाबू, मुलीचं लग्न.
त्यांना मुली किती?
तीन.
वरात आली नाही म्हणता, तरी पैसे दोन्ही दिवसांचे घेतलेत?
घेतले.
बांबू तर उभेच होते, हुजूर.
टायपिस्टनं "घेतले" एवढंच घेतलं.

जे कोणी विचारलं नाही ते असं.
त्या रात्री माझी पोरं खुर्च्या आवरायला लागली
तेव्हा ती आतून आली.
हातांना हळद, कोपरापर्यंत,
पुऱ्यांची परात कंबरेवर धरलेली.
म्हणाली, भैया, थांबा, आधी जेवून घ्या,
दोनशे माणसांचं अन्न आहे, सकाळी म्हशींना घालावं लागेल.
आम्ही आठ जण होतो.
तिनं उभ्यानं वाढलं, बटाट्याची भाजी, मग बुंदी,
आणि सर्वात धाकट्या पोराला विचारलं,
राजाराणीच्या खुर्चीचं भाडं किती असतं रे?
तो म्हणाला, तीनशे.
ती म्हणाली, मग बस की तिच्यावर, पैसे तर गेलेच आहेत.
तो बसला. ती हसली.
हे बिलात नाही.

पुढली तारीख ऑगस्टची.
बाहेर जोगेसर काही बोलला नाही,
फक्त माझ्या सायकलच्या कॅरिअरवरची
बिलबुकाची पिशवी नीट बांधून दिली, दोन गाठी मारून.

दुकानात एक गिऱ्हाईक बसून होतं.
मुलीचं लग्न आहे, फाल्गुनात.
मी पेन उघडलं.
तो म्हणाला, तारीख पेन्सिलीनं लिहा,
गाडीचं अजून ठरायचंय.
मी विचारलं, मुलीचं नाव?
तो हसला.
नाव कशाला, महतोजी,
खुर्च्या लिहा.