अंतराचा रकाना

मुलुंडच्या कॉलेजची गच्ची, पाण्याच्या टाकीमागची बाजू.
वरून झिलूमामा एकेक बी सोडतात.
खाली मी, स्टॉपवॉच आणि मोजपट्टी घेऊन,
आणि रखवालदाराचं कुत्रं,
ज्याला वाटतं हे सगळं त्याच्याचसाठी चाललंय.

करंजाची शेंग : दीड सेकंद. भिंतीपासून हातभर.
वावळाची चकती : बारा सेकंद.
आधी गोंधळली, मग गिरकी घेत घेत
स्कूटर स्टँडच्या पत्र्यावर. छत्तीस मीटर.
पंख केवढा, वजन किती, मी सगळं लिहिते.
नमुना क्रमांक बावीस गहाळ.
(झिलूमामांनी सोलून खाल्ला.
चारोळीसारखा लागतो म्हणाले.)

सावरीचं मला फार नवल वाटलं.
म्हातारी उडते, आपण खालून बोट दाखवत राहतो,
आणि बी केव्हाच सुटून मागे पडलेलं असतं.
पुढे जातो तो नुसता कापूस.
दोनशे मीटर. पण कोणाचे?
मी रकान्यात आडवी रेघ मारली.

सकाळी मतलई असते, काम होत नाही.
दुपारी खारा वारा सुटला की चकत्या निघतात पूर्वेला,
हायवेवरून, मिठागरांच्या दिशेने.
तिथवर गेलेली एक मला सापडली,
आमचा शाईचा ठिपका असलेली,
वाफ्याच्या कडेला मिठात रुतून बसलेली.
अंतर सहाशे नव्वद.
उगवण शून्य.

आठवडाभर मी पंखांचं क्षेत्रफळ काढत बसले,
आलेखाच्या कागदावर चौकोन मोजत.
ठिपके वाटेल तिथे पडायचे, रेषा काही बसेना.
झिलूमामा चहाचा ग्लास ठेवताना म्हणाले,
“बियेक काय इचारतास?
झाड किती उंच आसा, ता इचारा.”
दुकले मॅडमनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं.
मग आडव्या अक्षावर उंची घातली,
आणि ठिपके उभे राहिले
प्रार्थनेच्या घंटेनंतरच्या पोरांसारखे,
थोडे ढकलाढकली करत, पण रांगेत.

एप्रिलअखेर पालिकेची माणसं आली शिडी घेऊन.
फाटकाजवळचा वावळ सकाळी अठरा मीटर होता,
संध्याकाळी साडेसहा.
तोडलेल्या फांद्यांवरच्या चकत्या ट्रकमधून गेल्या,
कुठल्या डेपोत, किती लांब,
ते कोणी मोजलं नाही.
पुढच्या मार्चला उरल्या फांदीवर थोड्याशा आल्या.
सगळ्या कंपाउंडच्या आतच पडल्या.
कांताबाईंच्या एका सुपलीत मावल्या.

पण ते नंतरचं. आधी, पावसाळा सरल्यावर,
आघाड्याची पाळी होती.
त्याला ना पंख, ना उंची.
मांडीएवढा उभा, कुसळं खाली वळवून,
कोणी घासून जाईल या बेताने.
खाकी कापड, माझी ओढणी, कुत्र्याची पाठ :
किती चिकटली, किती पावलांवर सुटली.
कुत्र्याने साठाव्या मीटरला बसून अंग खाजवलं
आणि त्याच्यापुरता प्रयोग संपवला.

दिवाळीला झिलूमामा वेंगुर्ल्याला गेले.
परत आले ते पुडी घेऊन. मला वाटलं, खाजं.
आत आघाड्याचं एकच बी.
“पँटीच्या दुमडीत दोन होती.
एक थंयच सोडलंय, खळ्यात.
आता आंतर लिवा.”

रकाना मीटरचा, तीन अंकांपुरता आखलेला.
मी पेन्सिलीने लिहिलं : पाचशे दहा,
आणि ‘किलोमीटर’ समासात, रेघेबाहेर.
मॅडम हसल्या. मग खोडरबर घेतलं.
म्हणाल्या, सरासरी बिघडते.

वही अजून आहे कपाटात.
ते पान उजेडात तिरपं धरलं
की पेन्सिलीचा वळ दिसतो.
खळ्यातलं उगवलं का,
ते विचारायचं राहून गेलं.