रिजेक्ट

तिकीट वीस रुपये, साठीच्या पुढं दहा.
आधार कार्ड घरी राहिलेलं,
म्हणून वीस भरून मी तरुण ठरलो.

बाहेर सातपूरची बस धुरळा उडवून गेली.
आत सगळं गार, चिडीचूप,
स्वतःच्याच चपलांची लाज वाटावी असं.

नात पुढं पळतेय. निळा मासा, जांभळं कमळ,
काचेचा द्राक्षघड, खाली पाटी: 'नाशिकची ओळख'.
मणी सगळे एका मापाचे.
असा घड एक्सपोर्टला जातो,
आपल्या ताटात येत नाही.

तिसऱ्या कपाटात मुठीएवढा गोळा.
पोटात बुडबुडा, तिरका, तांदळाच्या दाण्याएवढा.
'कलावंतानं इथं एक क्षण
कायमचा पकडला आहे.'

मला हसू आलं. जरा मोठ्यानंच.
गार्डनं मान वळवली.

एकतीस वर्षं मी कंडेन्सर फुंकले,
शाळांना, औषधवाल्यांना,
एकदा दारूबंदी खात्यालासुद्धा.
बुडबुडा म्हणजे रिजेक्ट.
सुपरवायझर नळी उजेडाला धरायचा
आणि न बोलता पिंपात टाकायचा.
खळ्ळ.
पगारातून वजा होणारा आवाज.

शेजारच्या बर्नरवर मुनीर कोकणी, चौक मंडईचा.
गाल असे सुटलेले की रिकाम्या तोंडानं बसला
तरी विडा भरलाय वाटायचं.
पहिल्या दिवशी टेबलावर दोन नळ्या ठेवून म्हणाला, उचल एक.
मी उचलली.
या अंगठ्याला अजून ठसा नाही,
रेशनचं मशीन दर महिन्याला मला ओळखायला नकार देतं.
'ध्यानात ठेव,' तो म्हणाला, 'तापलेली काच
आणि गार काच, दिसायला एकच.'

मुनीरचं इथं काही नाही.
असलंच तर कुठल्याशा कॉलेजात
खिळ्याला टांगलेलं, धूळ खात,
उजेडाला कसंही धरा, स्वच्छ.
हात इतका साफ होता त्याचा
की एवढं फुंकूनही
श्वास कुठंच शिल्लक ठेवला नाही.

ऋतानं कपाटाला नाक लावलं.
वाफेचा गोल उमटला.
गार्ड फडकं घेऊन आला.
मी म्हटलं, थांबा हो, जाईल आपोआप.
आम्ही तिघं बघत राहिलो.
गेला.

मग बाहेर गाड्यावर उसाचा रस प्यालो.
ग्लास जाड, हिरवट,
तळाला तीन बुडबुडे.